'डीबीएफ'चं दीर्घायुष्य

वेन रॅटलिफ हा पॅसाडेनाच्या जेट प्रोपल्शन लॅबोरेटरीत काम करणारा अभियंता. फुटबॉलच्या पैजांची आकडेमोड कागदावर करून कंटाळला, म्हणून १९७० च्या दशकाच्या अखेरीस त्यानं घरच्या संगणकावर 'व्हल्कन' नावाचा डेटाबेस प्रोग्रॅम लिहायला घेतला. पुढे जॉर्ज टेट आणि हॅल लॅशली यांनी तो 'डीबेस टू' या नावानं विकायला काढला. 'डीबेस वन' कधी नव्हताच. 'टू' म्हटलं की माल बाजारात मुरलेला वाटतो, एवढाच त्यामागचा हिशेब.

खरी टिकली ती डीबेसची फाइल, म्हणजे डीबीएफ. १९८४ च्या 'डीबेस थ्री'पासून रूढ झालेली तिची रचना अगदी सरळ आहे. सुरुवातीच्या ३२ बाइटांत शेवटचा बदल कधी झाला, नोंदी किती आणि एक नोंद किती लांब, हे असतं. मग प्रत्येक रकान्याला ३२ बाइट, रकान्याचं नाव जास्तीत जास्त १० अक्षरांचं. पुढे नोंदीमागून नोंदी, आकडेसुद्धा अक्षरांसारखे लिहिलेले. नोंद डिलीट केली तरी जात नाही. तिच्या पहिल्या बाइटवर फक्त तारांकन पडतं आणि 'पॅक'ची कमांड देईपर्यंत ती जागेवरच असते.

इतकी उघडी फाइल कोणालाही वाचता येणारच. तीच फाइल वापरणारे दुसरे प्रोग्रॅम निघाले: क्लिपर आला, फॉक्स सॉफ्टवेअरचा फॉक्सप्रोही आला. डीबेसच्या मालकांनी, म्हणजे अ‍ॅश्टन-टेटनं, १९८८ मध्ये फॉक्स सॉफ्टवेअरवर दावा ठोकला, पण १९९१ मध्ये बोर्लंडनं अ‍ॅश्टन-टेटच विकत घेतली.

त्या काळी रिपोर्ट म्हणजे प्रोग्रॅमरनं ओळ आणि कॉलम मोजून, एकेका आकड्याची जागा ठरवून १३२ कॉलमच्या डॉट मॅट्रिक्स प्रिंटरवर काढलेला कागद. १९९२ मध्ये वेगवेगळे डेटाबेस ड्रायव्हरमार्फत जोडून देणारं ओडीबीसी आणि मायक्रोसॉफ्ट अ‍ॅक्सेस आले, पुढे रिपोर्ट काढणारं व्हँकुव्हरचं क्रिस्टल रिपोर्ट्स व्हिज्युअल बेसिकसोबत मिळू लागलं, आणि जुन्या टेबलांना हात न लावता नुसतं लिंक करून रिपोर्ट काढायची सोय झाली. ड्रायव्हरच्या लेखी अख्खं फोल्डर हा डेटाबेस आणि त्यातली प्रत्येक डीबीएफ हे एक टेबल.

घोळ व्हायचा तो नोंदी चटकन शोधून देणाऱ्या इंडेक्सचा. तो वेगळ्या फाइलीत असे: डीबेसचा एनडीएक्स, क्लिपरचा एनटीएक्स, फॉक्सप्रोचा सीडीएक्स. कोणत्या टेबलाला कोणता इंडेक्स, हे अ‍ॅक्सेसला एका आयएनएफ फाइलीत टिपून ठेवावं लागे. नव्या बाजूनं नोंद घातली आणि इंडेक्स तसाच राहिला, तर जुन्या प्रोग्रॅमला ती शोधून सापडत नसे. लिंक फक्त वाचण्यापुरती ठेवावी, हे शहाणपण त्यातलंच.

मराठी टेबलांचं दुखणं आणखी वेगळं. संगणकात बसवायच्या सी-डॅकच्या जिस्ट कार्डामुळे डॉसवर चालणाऱ्या डीबेसमध्येही देवनागरी दिसे, पण फाइलीत साठत ते इस्की या भारतीय लिप्यांच्या संकेतावलीचे बाइट. इस्कीत 'क' म्हणजे १७९. कार्ड नसलेल्या डॉसच्या मशीनवर १७९ म्हणजे एक उभी रेघ. विंडोजमध्ये तोच बाइट घातांकातला बारका तीन. फाइल डॉसच्या इंग्रजी अक्षरसंचातली आहे असं गृहीत धरून ड्रायव्हरनं रूपांतर केलं, की वेगवेगळी अक्षरं रेघांच्या एकसारख्या तुकड्यांत मिसळून जात. तिथून मूळ मजकूर परत मिळत नसे. बाइट जसेच्या तसे उचलून आधी युनिकोडमध्ये नेणं, हाच खात्रीचा मार्ग.

अ‍ॅक्सेस २०१३ मधून मायक्रोसॉफ्टनं डीबेस फाइली वापरायची सोय काढून टाकली. वापरणाऱ्यांनी इतका तगादा लावला, की २०१६ मध्ये ती परत द्यावी लागली. नकाशांची कामं करणारे त्यात असणं स्वाभाविकच, कारण एस्री कंपनीच्या शेपफाइल या नकाशांच्या फाइलीतली तक्त्याची माहिती डीबीएफमध्येच असते. तिथे रकान्याचं नाव आजही १० अक्षरांत कोंबावं लागतं.