येरवड्याच्या तुरुंगात पोचलेला ऋग्वेद

जुने पुस्तक हाती आले की मी आधी पहिले कोरे पान पाहतो. 'सप्रेम भेट', खाली सही, तारीख आणि गावाचे नाव एवढा मजकूर मिळाला तरी माझा दिवस सार्थकी लागतो. पण रद्दीत आलेल्या पुस्तकांत नेमके हेच पान बहुधा फाडलेले असते. घरातला वाचणारा माणूस जातो, मुले पुस्तके विकायला काढतात, आणि वडिलांचे नाव बाजारात नको म्हणून तेवढे पान काढून घेतात. त्यांचे चुकते असे मी म्हणणार नाही. माझ्यासारख्याचा धागा मात्र तिथेच तुटतो. नांदगाव खंडेश्वरसारख्या तालुक्याच्या गावी राहून, विद्यापीठाचा उंबरा न ओलांडता इतिहास वाचणाऱ्याला असल्या पानांचाच आधार असतो.

एका भेटीची नोंद मात्र कुणाला फाडता आलेली नाही, कारण ती घेणाऱ्याने आपल्या ग्रंथाच्या प्रस्तावनेतच छापून ठेवली. ग्रंथ म्हणजे 'द आर्क्टिक होम इन द वेदाज'. १९०३ साली पुण्यात प्रसिद्ध झाला. ग्रंथकार बाळ गंगाधर टिळक. भेट देणारा ऑक्सफर्डचा वृद्ध पंडित फ्रेडरिक मॅक्समुल्लर. आणि भेट स्वीकारण्याची जागा येरवड्याचा तुरुंग.

टिळकांच्या चरित्रांत या प्रसंगाला एखादे वाक्य मिळते, फार तर एक परिच्छेद. खटला, शिक्षा, सुटका यांच्या गर्दीत पुस्तकाची भेट मागे पडणे साहजिक आहे. पण प्रस्तावनेतला तो मजकूर मी शब्दकोश शेजारी ठेवून पहिल्यांदा वाचला तेव्हा मला थबकायला झाले. कारण देणारा आणि घेणारा एका मताचे नव्हते. किंबहुना ज्या प्रश्नावर दोघांनी आयुष्याची वर्षे घालवली, त्याच प्रश्नावर ते समोरासमोर उभे होते.

मॅक्समुल्लर यांनी १८५९ सालच्या आपल्या संस्कृत वाङ्मयाच्या इतिहासात ऋग्वेदाच्या सूक्तांचा काळ इसवी सनापूर्वी १२०० ते १००० असा धरला होता. तो त्यांनी अंदाजाने बांधला होता, पण पुढे अनेकांनी तो सिद्धान्तासारखा वापरला. टिळकांनी या अंदाजालाच धक्का दिला. गीतेच्या दहाव्या अध्यायात भगवंत महिन्यांमध्ये स्वतःला मार्गशीर्ष म्हणवतात. तोच का, असा प्रश्न वाचताना त्यांच्या मनात आला आणि तिथून 'ओरायन'चा जन्म झाला. आधी १८९२च्या लंडनच्या प्राच्यविद्या परिषदेसाठी निबंध, मग १८९३ साली पुस्तक.

त्यातले गणित आपल्या पंचांगवाल्यांना अवघड वाटू नये. वसंतसंपात नक्षत्रांमधून हळूहळू मागे सरकतो. एक अंश सरकायला सुमारे ७२ वर्षे, म्हणजे १३ अंश २० कलांचे एक नक्षत्र ओलांडायला साधारण ९६० वर्षे लागतात. ब्राह्मणग्रंथांत नक्षत्रांची मोजणी कृत्तिकेपासून सुरू होते. त्याच्याही मागे, संपात मृगशीर्षात होता अशा काळाच्या खुणा वेदांत सापडतात, असे टिळकांचे म्हणणे. कृत्तिकेकडून मृगाकडे जायचे म्हणजे दोन नक्षत्रे आणखी मागे. हिशेब इसवी सनापूर्वी ४०००च्या आसपास जातो. बॉन विद्यापीठाचे हेर्मान याकोबी त्याच सुमारास स्वतंत्रपणे जवळपास त्याच निष्कर्षाला आले होते, म्हणून युरोपात 'ओरायन'ची दखल घेणे भाग पडले. ज्याच्या कालगणनेला हे आव्हान होते त्या मॅक्समुल्लर यांच्या मनात टिळकांचे नाव बसले ते असे.

आता १८९७. पुण्यात प्लेग, घरझडतीचा जाच, २२ जूनला रँडवर गोळी. 'केसरी'च्या १५ जूनच्या अंकातल्या शिवराज्याभिषेक उत्सवासंबंधीच्या मजकुरावरून २७ जुलैच्या रात्री टिळकांना मुंबईत दाजी आबाजी खरे यांच्या घरी अटक झाली. ज्युरीत सहा युरोपीय आणि तीन हिंदी. निकालही तसाच, सहा विरुद्ध तीन. १४ सप्टेंबरला न्यायमूर्ती स्ट्रेची यांनी अठरा महिन्यांची सक्तमजुरी दिली. सरकारबद्दल प्रेम नसणे म्हणजेच अप्रीती, असा कलम १२४-अचा अर्थ त्यांनी ज्युरीला सांगितला होता. नोव्हेंबरात प्रिव्ही कौन्सिलनेही दार लावले. टिळकांतर्फे तिथे ॲस्क्विथ उभे होते, पण अपिलाची परवानगीच मिळाली नाही. कायद्याचा रस्ता संपला.

इथे आमच्या वऱ्हाडाचा संबंध येतो. त्याच वर्षीचे डिसेंबरातले राष्ट्रीय सभेचे अधिवेशन अमरावतीला भरले. अध्यक्ष मद्रासचे सी. शंकरन नायर, स्वागताध्यक्ष दादासाहेब खापर्डे. दादासाहेब म्हणजे टिळकांचा वऱ्हाडातला उजवा हात. पुढे १९०८ साली टिळकांना मंडालेची शिक्षा झाल्यावर त्यांच्यासाठी खटपट करायला विलायतेला जाऊन राहणारा माणूस. आपल्या गावात देशभरातून पाहुणे यावेत, त्यांचे स्वागत आपण करावे आणि ज्याची सर्वांत जास्त आठवण व्हावी तो मित्र मात्र येरवड्यात असावा! खापर्ड्यांच्या मनाची त्या दिवसांतली अवस्था मी कित्येकदा डोळ्यांसमोर आणून पाहिली आहे. अमरावतीच्या त्या मंडपात सुरेंद्रनाथ बॅनर्जींनी टिळकांबद्दल गहिवरून भाषण केले, सारे राष्ट्र अश्रू ढाळते आहे असे सांगितले. ऐकणाऱ्यांचीही तीच स्थिती झाली असणार. पण बंदिवानाच्या हाती मंडपातून काय देता येणार?

त्याच बंदिवासात ऑक्सफर्डहून ग्रंथ आला.

तो होता मॅक्समुल्लर यांनी संपादित केलेल्या सायणभाष्यासह ऋग्वेदाच्या दुसऱ्या आवृत्तीचा संच. पहिली आवृत्ती सहा खंडांची. १८४९ला पहिला खंड निघाला आणि १८७४ला शेवटचा, म्हणजे पंचवीस वर्षांचे काम. तिचा खर्च आधी ईस्ट इंडिया कंपनीने उचलला होता. दुसरी आवृत्ती १८९० ते १८९२ या काळात चार खंडांत निघाली, विजयनगरमच्या महाराजांच्या आश्रयाने. पहिल्या आवृत्तीच्या संस्कृत मुखपृष्ठावर संपादकाने स्वतःला मोक्षमूलर भट्ट म्हणवून घेतले होते आणि ऑक्सफर्डचे भाषांतर गोतीर्थ असे केले होते. 'ऑक्स'चा बैल आणि 'फर्ड' म्हणजे नदी ओलांडायचा उतार. हा गृहस्थ हिंदुस्थानात एकदाही आला नाही. टिळक विलायतेला गेले ते थेट १९१८ साली, तेव्हा मॅक्समुल्लर यांना जाऊन अठरा वर्षे झाली होती. म्हणजे या दोघांनी एकमेकांचे तोंडही पाहिलेले नाही. एकाची ओळख दुसऱ्याला झाली ती पुस्तकांतून आणि पत्रांतून.

चौऱ्याहत्तरीच्या घरातल्या त्या माणसाने राजद्रोहाची सजा भोगणाऱ्या, एकेचाळीस वर्षांच्या मतविरोधकाला आपल्या हयातीचे सर्वांत मोठे काम पाठवले. मला यात नुसती दया दिसत नाही. 'तुमच्या वादाचे साधन तुमच्याजवळ असू द्या, मग ते माझ्याविरुद्ध का वापरेनात' असा विश्वास त्यात आहे. विद्वानांमधली मैत्री याहून वेगळी काय असते?

सरकारने ग्रंथ वापरायची मोकळीक दिली आणि रात्री काही तास दिव्याचीही. प्रस्तावनेत टिळक दिव्याचा उल्लेख आवर्जून करतात, आणि ज्याने कंदिलाखाली अभ्यास केला आहे त्याला त्याचे मोल सांगावे लागत नाही. दिवसा सक्तमजुरी, रात्री ऋग्वेद. उत्तर ध्रुवाच्या सिद्धान्ताला पुढे आधार म्हणून घेतलेल्या ऋचांपैकी काही या दिव्याच्या उजेडात टिपलेल्या आहेत. लांबलचक उषा, दीर्घ रात्र, ती संपेल की नाही याची धास्ती, असे उल्लेख त्यांना या वाचनात खुणावू लागले.

ग्रंथ पाठवून मॅक्समुल्लर थांबले नाहीत. टिळकांच्या सुटकेसाठी विलायतेत जो अर्ज तयार झाला, त्यावर विल्यम हंटर, दादाभाई नौरोजी, रमेशचंद्र दत्त यांच्याबरोबर त्यांचीही सही होती. राजकारणात टिळक बरोबर की चूक, यात त्यांना पडायचे नव्हते. त्यांनी रदबदली केली ती संस्कृतच्या अभ्यासकासाठी. आपल्याकडच्या काहींना हे थोडे कोते वाटते. मला वाटत नाही. त्यांनी आपल्या अधिकाराच्या हद्दीत राहून शब्द टाकला, म्हणूनच त्याला वजन आले. ६ सप्टेंबर १८९८ला टिळक सुटले, शिक्षेचे सहा महिने बाकी असताना. मुख्यतः मॅक्समुल्लर यांच्या खटपटीने आणि तिला मिळालेल्या हिंदी वृत्तपत्रांच्या पाठिंब्याने आपण बारा महिन्यांत बाहेर आलो, असे टिळकांनी प्रस्तावनेत मोकळेपणाने लिहिले आहे.

पुढचा भाग मला सर्वांत मोलाचा वाटतो. सुटल्यावर टिळकांनी मॅक्समुल्लर यांना जे पहिले पत्र लिहिले, त्यात आभार तर होतेच, पण नव्या सिद्धान्ताचा गोषवाराही होता. भेट मिळालेल्या ग्रंथातून आपण काय काढले ते आधी देणाऱ्याला कळवायचे, ही रीत मला फार आवडते. उत्तर आले ते मात्र असहमतीचे. काही ऋचांचा तसा अर्थ लावता येईल, पण भूगर्भशास्त्राने प्रस्थापित केलेल्या गोष्टींशी सिद्धान्ताचा मेळ बसत नाही, असे मॅक्समुल्लर यांनी कळवले. उपकार केले म्हणून त्यांनी मान हलवली नाही, आणि उपकार घेतले म्हणून टिळकांनी आपला मुद्दा सोडला नाही. त्या बाजूनेही आपण विचार केला आहे, सगळा पुरावा लवकरच तुमच्यापुढे ठेवू, असे त्यांनी उलट टपाली लिहिले.

उत्तर ध्रुवाचा सिद्धान्त आज विद्वान मानत नाहीत, आणि भूगर्भशास्त्राबाबत मॅक्समुल्लर यांची शंका रास्त होती असेच मला अभ्यासाअंती वाटते. टिळकभक्तांना हे रुचणार नाही. पण उषासूक्तांचे इतके बारकाईने केलेले वाचन सिद्धान्त पडला म्हणून फुकट जात नाही.

ग्रंथाचा पहिला खर्डा १८९८च्या अखेरीस झाला होता. छापायला १९०३ उजाडले. त्या सुमारास ताईमहाराज प्रकरणाच्या कोर्टकचेऱ्यांनी टिळकांचा जीव मेटाकुटीला आणला होता. प्रस्तावनेवर मार्च १९०३ची तारीख आहे. ज्याच्यापुढे सगळा पुरावा ठेवायचा होता, तो मॅक्समुल्लर २८ ऑक्टोबर १९००ला ऑक्सफर्डला वारला होता. तो आनंद आपल्याला लाभला नाही, असे टिळकांनी त्याच प्रस्तावनेत नोंदवले आहे.