घुबड कायद्यात कधी आलं?

विहिरीच्या कपारीत नाहीतर आंब्याच्या ढोलीत घुबडाची पिल्लं दिसली की काय करायचं, असं बरेच जण विचारतात. उत्तर कायद्यात आहे, पण ते तिथं यायला बराच काळ गेला.

रानपाखरांसाठी इंग्रजांनी १८८७ ला कायदा केला. त्यानं नगरपालिका आणि छावण्यांच्या हद्दीत विणीच्या हंगामात ठरावीक पाखरं विकायला बंदी घालता येत होती. म्हणजे बंदी बाजारापुरती, शिवार मोकळंच.

१९१२ च्या कायद्यात यादी आली. मोर, तितर, लावा, बदक ही शिकाऱ्यांची पाखरं. बगळा, नीलपंख, खंड्या ही पिसांना भाव असलेली. मूळ यादीत घुबड नव्हतं. ना कुणी आवडीनं खायचं, ना पिसाला गिऱ्हाईक. शेतातले उंदीर मारतं, हा हिशोब कुणी धरलाच नव्हता.

मग १९७२ चा वन्यजीव संरक्षण कायदा. त्याखाली बहुतेक घुबडं चौथ्या अनुसूचीत आली आणि उंदीर पाचव्या, म्हणजे उपद्रवी प्राण्यांच्या अनुसूचीत. तरी एक फट होती. चौथ्या अनुसूचीतल्या प्राण्यांची शिकार परवाना काढून करता यायची. १९९१ च्या दुरुस्तीनं ती वाट बंद केली. २०२२ च्या दुरुस्तीत अनुसूच्या नव्यानं मांडल्या, पण घुबडांचं संरक्षण कायम राहिलं.

आता कामाची गोष्ट. या कायद्यात 'शिकार' म्हणजे नुसती गोळी घालणं नाही. पाखराची अंडी फोडणं, अंड्यांना किंवा घरट्याला धक्का लावणं हीसुद्धा शिकारच. अपशकुनी म्हणून पिल्लं हुसकली, तरी तो गुन्हा.

पण घुबड काड्या गोळा करून घरटं बांधत नाही. पिंगळ्याला जुन्या झाडाची ढोली लागते, गव्हाणी घुबडाला पडका वाडा किंवा विहिरीची कपार, शृंगी घुबडाला ओढ्याच्या दरडीतली जागा. पिल्लं उडाली की ढोली रिकामी दिसते, आपण झाड तोडतो आणि पुढच्या विणीची जागा जाते. तिथं हा कायदा फारसा कामाला येत नाही.

आपल्या रानपिंगळ्याचंच बघा. १८८४ नंतर त्याची खात्रीची नोंद नव्हती, संपला असंच धरलं होतं. १९९७ ला तो शहाद्याजवळच्या रानात पुन्हा दिसला. तोही ढोलीतच वीण घालतो. जुनी झाडं उरली म्हणूनच त्याला जागा उरली.

तेव्हा बांधावरचं पोकळ झाड तोडायच्या आधी ढोलीखाली बघा. उंदरांची हाडं-केस असलेल्या गोळ्या पडल्या असतील, तर वर राखणदार राहतोय. झाड राहू द्या. पिल्लू खाली पडलेलं दिसलं तर घरी नेऊ नका, वनविभागाच्या १९२६ या नंबरवर कळवा.