आधार ओळखक्रमांक व खाजगीपणा

बोटांचे ठसे, बुबुळांची प्रतिमा व चेहऱ्याचे छायाचित्र यांच्या आधारे व्यक्तीची ओळख पटविण्यासाठी भारत सरकारतर्फे देण्यात येणारा बारा अंकी क्रमांक. विशिष्ट ओळख प्राधिकरणाची स्थापना २००९ मध्ये झाली आणि पहिले क्रमांक २९ सप्टेंबर २०१० रोजी नंदुरबार जिल्ह्यातील टेंभली या गावी देण्यात आले.

शरीरचिन्हांची शासकीय नोंद भारतास नवी नाही. बंगालमधील जंगीपूर येथे विल्यम हर्शेल या अधिकाऱ्याने १८५८ मध्ये करारपत्रावर हाताचा ठसा घेतला. १८९७ मध्ये कलकत्त्यास ठसे-कार्यालय निघाले. १९११ च्या गुन्हेगार जमाती कायद्याने नोंदलेल्या व्यक्तींचे ठसे घेण्याचा अधिकार शासनास दिला. केवळ विशिष्ट जमातीत जन्मल्यामुळे माणूस संशयित ठरे. हा कायदा १९५२ मध्ये रद्द झाला. आधारचा हेतू याहून भिन्न, म्हणजे कल्याणकारी आहे; तथापि नोंद ठेवणारा व नोंदला जाणारा यांच्यातील सत्तेची विषमता दोन्हींत आढळते.

बुलढाणा जिल्ह्याच्या उदाहरणावरून या व्यवस्थेचे सामाजिक परिणाम स्पष्ट होतात. शेतकरी आत्महत्याग्रस्त ठरविलेल्या राज्यातील चौदा जिल्ह्यांत त्याचा समावेश होतो. या जिल्ह्यांतील केशरी शिधापत्रिकाधारक शेतकऱ्यांना २०१५ पासून सवलतीच्या दराने धान्य मिळत असे. त्याऐवजी जानेवारी २०२३ पासून दरमहा माणशी प्रारंभी १५० रु. आधारसंलग्न बँक खात्यात जमा करण्याची योजना आली. परिणामी मध्यस्थांची गळती कमी होण्यास वाव मिळाला. मात्र नावातील एखादे अक्षर चुकले किंवा खाते संलग्न नसले, तर हक्क असूनही रक्कम अडू शकते. पूर्वी गावचा पाटील वा कोतवाल माणसास चेहऱ्याने ओळखे. त्या ओळखीत जातीचा व मर्जीचा दोष होता. यंत्रास मर्जी नाही, पण ओळखही नाही. कष्टाच्या कामाने वा वार्धक्याने बोटांवरील रेषा झिजल्या, की ठसा जुळत नाही. अशा वेळी शिधा नाकारू नये व अन्य मार्गाने ओळख पटवावी, अशा सूचना २०१७ मध्ये देण्यात आल्या.

निवृत्त न्यायाधीश के. एस. पुट्टस्वामी यांच्या २०१२ च्या याचिकेतून खाजगीपणाचा प्रश्न सर्वोच्च न्यायालयापुढे आला. २४ ऑगस्ट २०१७ रोजी नऊ न्यायाधीशांच्या पीठाने खाजगीपणा हा मूलभूत हक्क असल्याचे एकमताने मान्य केले. २६ सप्टेंबर २०१८ रोजी पाच न्यायाधीशांच्या पीठाने चार विरुद्ध एक मताने २०१६ चा आधार कायदा बव्हंशी वैध ठरविला. खाजगी कंपन्यांना ओळख पटविण्यासाठी आधार वापरण्याची मुभा देणारी तरतूद मात्र रद्द केली. न्या. धनंजय चंद्रचूड यांनी विरोधी मत नोंदविले. वैयक्तिक माहितीच्या संरक्षणाचा कायदा २०२३ मध्ये संमत झाला.

खाजगीपणा म्हणजे केवळ गुप्तता नव्हे. आपली माहिती कोणी, कशासाठी वापरावी हे ठरविण्याचा तो अधिकार होय. शिधा अथवा अनुदान यांवर ज्याचा निर्वाह चालतो, त्याची संमती नाममात्रच राहते. म्हणून या व्यवस्थेची खरी कसोटी किती लोकांची ओळख पटली ही नसून, ज्याची पटली नाही त्यास दाद कोठे व किती लवकर मिळते, ही आहे.