साजण कोणता?

बचत गटाचे हप्ते लिहून झाले की आम्ही टाळ काढतो. अभंग तुकोबांचा असतो, चाल कधीकधी सिनेमातली. यंदा गावातल्या एका वडीलधाऱ्यांनी हे बंद करायला सांगितलं. प्रेमाची गाणी देवापुढे शोभत नाहीत, म्हणाले. तेव्हापासून दोघीजणी यायच्याच थांबल्या. म्हणून आज जरा मागचं बघू.

ज्ञानेश्वरांच्या विराण्या 13व्या शतकातल्या. त्यांत देवासाठी झुरते ती बाई. तिला चंदनसुद्धा पोळतं. जनाबाई तर त्याहून धीट. पदर खांद्यावर टाकून भर बाजारात निघायची भाषा तिच्या अभंगात आहे. हेच लावणीत आलं असतं तर आपण पोरांना उठवून घरात नेलं असतं! उत्तरेत अमीर खुसरोंच्या नावावर असलेलं ‘छाप तिलक’ हे नजरानजरेचं गाणं दर्ग्यात भक्तीनं गातात. तेच 1978 साली ‘मैं तुलसी तेरे आँगन की’ या सिनेमात लताबाई आणि आशाबाईंनी गायलं.

सिनेमाच्या गाण्यांवर नाक मुरडणं काही आजचं नाही. 1952 मध्ये बा. वि. केसकर नभोवाणी मंत्री झाले. मराठी माणूस, शास्त्रीय संगीताचे मोठे चाहते. त्यांच्या काळात आकाशवाणीवरून सिनेमाची गाणी जवळजवळ गेलीच. लोकांनी काय केलं? रेडिओ सिलोन लावलं. शेवटी 1957 साली विविध भारती सुरू झाली आणि गाणी घरी परतली.

आता आमचं लाडकं गाणं, ‘लागा चुनरी में दाग’. सिनेमा ‘दिल ही तो है’, साल 1963. शब्द साहिरचे, संगीत रोशन यांचं, आवाज मन्ना डे यांचा, राग भैरवी. ओढणीला डाग लागलाय, आता वडिलांना तोंड कसं दाखवू, अशी एका मुलीची घालमेल. पण शेवटी कळतं, की वडिलांचं घर म्हणजे पलीकडचं जग आणि हे जग म्हणजे सासर. आपल्याला हे कुणी समजावून सांगावं लागतं का? पंढरीला माहेर म्हणणाऱ्या बायका आपण!

सगळीच गाणी अशी नसतात, हेही खरं. काहींत नुसता धिंगाणा असतो, त्यांची चाल आम्हीही घेत नाही. पण आमच्यात नवऱ्यानं टाकलेली एकजण आहे. तिनं घरात प्रेमाचं गाणं गुणगुणलं तर भाऊ विचारतो, कुणाची आठवण येतेय? मंडळात तीच चाल ती विठ्ठलाच्या नावानं मोकळ्या गळ्यानं गाते. तिचा साजण कोणता, हे आम्ही कधी विचारलं नाही.

वडीलधाऱ्यांना आम्ही पुढच्या एकादशीला ऐकायला बोलावलं आहे. त्या दोघींच्या घरी शुक्रवारी जाणार आहोत.