भयकथेतील 'समर्थ' आणि अंबाजोगाईच्या आख्यायिका

भयकथा वाचणे हा हलका छंद आहे, असे सुशिक्षित गृहस्थ चारचौघांत म्हणतात आणि रात्री निजण्यापूर्वी नारायण धारपांची कादंबरी उघडतात. यात लाजण्यासारखे काही नाही. या कादंबऱ्यांचे नाते आपण समजतो त्याहून जुन्या कथांशी आहे, आणि त्यांतल्या दोन तर आपल्या बीड जिल्ह्यातल्या अंबाजोगाईच्याच आहेत.

धारपांनी (१९२५–२००८) मराठी वाचकाला 'समर्थ' दिला. अदृश्य दुष्टशक्तीच्या तावडीत सापडलेला साधा माणूस समर्थांकडे येतो आणि ते साधनेच्या बळावर तिच्यासमोर उभे राहतात. धारपांनी परदेशी कादंबऱ्यांचाही आधार घेतला. त्यांच्या 'लुचाई'मागे स्टीफन किंगची १९७५ची 'सेलम्स लॉट' आहे. परंतु समर्थ मात्र इथल्या मातीतले. त्या नावातच रामदासांची आठवण आहे, आणि त्यामागे संतचरित्रांची मोठी परंपरा उभी आहे.

आता दासोपंतांची कथा पाहा. जन्म शके १४७३, म्हणजे इ. स. १५५१. वडील दिगंबरपंत नारायणपेठचे देशपांडे. दुष्काळ पडला, सारा थकला, आणि बेदरच्या दरबाराने मुलाला ओलीस ठेवून घेतले. एका महिन्याची मुदत ठरली. रक्कम आली नाही तर मुलगा घरी परतणार नाही आणि घरच्या धर्मातही राहणार नाही. एकेक दिवस सरत गेला. शेवटच्या दिवशी दत्ताजी पाडेवार नावाचा कोणी माणूस आला, सगळी बाकी भरली आणि दिसेनासा झाला. तो साक्षात दत्त होता, असे भाविक सांगतात. वाचकाचा श्वास रोखून धरायला आजच्या कादंबरीकाराला याहून अधिक काय लागते?

दुसरी कथा मुकुंदराजांची. 'विवेकसिंधू'चा शके १११० हा काळ आणि त्याचे स्थळ यांविषयी विद्वानांत मतभेद आहेत. अंबाजोगाईला मात्र त्यांची समाधी आहे. राजा जैत्रपाळाचा हट्ट असा, की रिकिबीत पाय ठेवून घोड्यावर स्वार होईपर्यंतच्या अवधीत ब्रह्म दाखवावे. ज्यांना ते जमले नाही त्या साधूंना त्याने कोंडून कामाला जुंपले. मुकुंदराज आले, साधू सुटले, आणि राजा शिष्य झाला.

इतिहास म्हणून या कथांतले चमत्कार सिद्ध करता येत नाहीत, आणि आम्ही तसा आग्रहही धरणार नाही. पण त्यांतले भय खरे आहे. पीक बुडाले तरी वसुलीचा बोजा वतनदाराच्या डोक्यावर राही, आणि थकबाकीसाठी माणूस अडकवला जाई. या दोन्ही कथांत भूत नाही, पिशाच्च नाही. दुष्टता आहे ती सत्तेची, म्हणजे माणसाचीच. तिच्यावरचा उताराही मंत्रतंत्राचा नाही. सुटलेले दासोपंत स्वस्थ बसले नाहीत. माहूरला तप करून ते पुढे अंबाजोगाईत राहिले, गीतेवर 'गीतार्णव' हा प्रचंड ग्रंथ रचला आणि सुमारे ४० फूट लांबीच्या पासोडीवर 'पंचीकरण' लिहून ठेवले. चमत्कार एका दिवसाचा होता. त्यानंतरचे श्रम जन्मभराचे होते.

धारपांची कादंबरी दुष्टतेला माणसाबाहेर उभी करते. कलेला तेवढी मोकळीक हवीच, आणि वाचक ती आनंदाने देतो. धोका असतो तो पुस्तक मिटल्यानंतर. कादंबरीतली चेटकीण आपण गल्लीत शोधू लागलो, तर ती बहुधा एखाद्या एकट्या, म्हाताऱ्या, गरीब बाईच्या रूपानेच सापडते. २०१३ साली महाराष्ट्राला जादूटोणाविरोधी कायदा करावा लागला, तो अशाच शोधापायी.

म्हणून भयकथा जरूर वाचाव्यात. मात्र दुष्टशक्ती कोठे राहते हा प्रश्न पडला, तर उत्तरासाठी अंबाजोगाईच्या जुन्या कथांकडे वळावे. त्यांनी ती वडाच्या झाडावर नव्हे, बेदरच्या दरबारात आणि राजाच्या हट्टात पाहिली होती.