पगार मालकाचा, बाजू कामगाराची

घुग्घुसमध्ये ‘वेकोलित लागला’ म्हटलं की डोळ्यांसमोर डंपर, शॉवेल नाहीतर हजेरीबाबू येतो. खाणीत आणखी एक खुर्ची असते, कल्याण अधिकाऱ्याची. ती मालकांच्या दयेतून नाही, भांडणांतून आली.

गेल्या शतकाच्या सुरुवातीला मुंबईच्या गिरण्यांत कुणाला कामावर घ्यायचं आणि कुणाला काढायचं, हे जॉबर ठरवायचा. त्यासाठी दस्तुरी घ्यायचा. १९२८ साली गिरण्या सहा महिने संपात बंद राहिल्या. १९३१ मध्ये रॉयल कमिशनने सुचवलं की भरती जॉबरच्या हातातून काढून लेबर ऑफिसरकडे द्या. १९३४ मध्ये मुंबई सरकारने कामगारांची बाजू मांडायला लेबर ऑफिसर नेमला. १९३६ साली मुंबईत समाजकार्य शिकवणारी संस्था निघाली, आजची ‘टिस’. समाजसेवा आता शिकून, पगार घेऊन करायचं काम झालं.

१९४८ च्या कारखाने कायद्याने ५०० किंवा जास्त कामगार असलेल्या कारखान्यात कल्याण अधिकारी सक्तीचा केला. १९५५ च्या नियमांनी तेवढ्याच माणसांच्या खाणीतही. १९५८ मध्ये नागपुरात मातृसेवा संघाने समाजकार्याचं कॉलेज काढलं. १९७३ ला कोळसा खाणींचं राष्ट्रीयीकरण झालं, १९७५ ला वेकोलि आली आणि या पदव्यांना वर्धा खोऱ्यात नोकऱ्या मिळू लागल्या.

अडचण पहिल्या दिवसापासून तीच आहे. कॅन्टीन, पाळणाघर, रजा, तक्रारी बघायच्या कामगारांच्या, पण पगाराच्या कागदावर सही मालकाची. म्हणून कारखान्यांच्या नियमांत एक अट घातली गेली : या अधिकाऱ्याने कामगाराविरुद्ध मालकाच्या वतीने उभं राहायचं नाही. प्रत्यक्षात पद ‘पर्सोनेल’ झालं, मग ‘एचआर’ झालं आणि बऱ्याच ठिकाणी चार्जशीटही त्याच टेबलावरून निघू लागली.

२०२० च्या कामगार संहितेने ५०० ची मर्यादा २५० वर आणली. म्हणजे कागदावर जागा वाढतात. एमएसडब्ल्यू करणाऱ्याने नोकरी घेण्याआधी एवढं विचारावं : ठेकेदाराच्या माणसाची पीएफची तक्रार या टेबलावर घेतली जाते का?

आणखी एक जुनी अट आहे. या अधिकाऱ्याला बहुसंख्य कामगारांची भाषा यायला हवी. घुग्घुसच्या वस्त्यांत मराठी, हिंदी, तेलुगू ऐकत मोठं झालेल्या पोरापोरींकडे ही पात्रता कॉलेजात जाण्याआधीच असते.