साचा, मस्टर आणि धास्ती : मुंबईच्या गिरण्यांतील कामकपातीच्या भयाचा इतिहास

मुंबईच्या कापडगिरण्यांचा इतिहास बहुधा दोन अंगांनी लिहिला गेला आहे : एक भांडवलाच्या, म्हणजे गिरण्या कोणी, केव्हा आणि कशाच्या बळावर उभारल्या याच्या अंगाने, आणि दुसरा संपांच्या अंगाने. या दोहोंच्या मध्ये एक गोष्ट निसटून जाते, आणि ती म्हणजे गिरणगावाच्या रोजच्या जगण्यात मुरलेली धास्ती. गिरणीचा मालक बदलला, नवा मॅनेजर आला किंवा खात्यात घड्याळ घेऊन कोणी मोजमाप करू लागले, की आपल्या हाताखालचा साचा, म्हणजे माग, उद्या आपला राहील काय, हा प्रश्न चाळीच्या गॅलरीपासून खानावळीच्या पंगतीपर्यंत पोहोचत असे. मालकांनी आणि पुष्कळदा सरकारी समित्यांनीही या धास्तीला सुधारणेविषयीचा अडाणी विरोध मानले; परंतु १९२० च्या दशकापासून १९८० च्या दशकापर्यंतच्या घटनाक्रमाकडे पाहिले, तर कामगारांनी मांडलेला हिशेब बहुतेक वेळा बरोबर ठरला, असेच म्हणावे लागते.

ही धास्ती कशातून जन्मली, हे समजण्यासाठी गिरणीतील भरतीची पद्धत आधी पाहिली पाहिजे. कावसजी नानाभाई दावर यांनी १८५४ साली स्थापन केलेली ताडदेवची गिरणी १८५६ मध्ये सुरू झाली, आणि पुढच्या काही दशकांत रत्नागिरी, सातारा, कोल्हापूर या भागांतून हजारो माणसे परळ, लालबाग, भायखळा येथे येऊन राहिली. मात्र त्यांना कामावर घेणे आणि काढणे हे दीर्घकाळ कंपनीच्या कचेरीत न ठरता जॉबरच्या मर्जीवर ठरत असे. जॉबर म्हणजे खात्यातील कामगारांवर देखरेख करणारा मुकादम. तो आपल्या गावाकडची, जातीची किंवा ओळखीची माणसे लावून घेई आणि त्याबद्दल दस्तुरी, म्हणजे पगारातला ठरीव हिस्सा, वसूल करी. कायम कामगार गैरहजर राहिला तर त्याच्या जागी त्या दिवसापुरता जो घेतला जाई तो बदली कामगार. भोंगा झाल्यावर फाटकापाशी उभे राहायचे, नाव पुकारले तर आत जायचे, नाही तर खोलीवर परत फिरायचे, असा त्याचा दिनक्रम होता. १९३० च्या दशकाच्या मध्यावर गिरणीमालक संघाने बदली कामगारांची नोंद ठेवून त्यांना पास देण्याची पद्धत आणली, त्यामुळे जॉबरचा अधिकार काहीसा कमी झाला, तरी बदलीपण संपले नाही, आणि एकेका माणसाची कित्येक वर्षे, कधी कधी उभी उमेदही, त्याच पासावर निघून गेली. कायम कामगाराला रोज फाटकाशी दिसणारा हा बदली म्हणजे त्याच्या स्वतःच्या उद्याचेच चित्र होते.

गिरण्यांची मालकी आणि कारभार यांत अंतर होते, हेही ध्यानात घ्यावे लागते. भागधारकांचा पैसा घेऊन कंपनी स्थापन होई, पण तिचा कारभार मॅनेजिंग एजंट म्हणवणारी पेढी करी; पेढी बदलली किंवा पेढीत नवा वारस गादीवर आला, की धोरणही पालटे. या प्रकारातील सर्वांत ठळक उदाहरण ई. डी. ससून या पेढीचे आहे. मुंबईतील सर्वांत मोठ्या गिरणीसमूहांपैकी एक असलेल्या या पेढीची सूत्रे १९२४ साली वडिलांच्या मृत्यूनंतर सर व्हिक्टर ससून यांच्याकडे आली. हा काळ मुंबईच्या गिरण्यांसाठी कठीण होता, कारण पहिल्या महायुद्धातील तेजी ओसरली होती, चीनची सुताची बाजारपेठ हातची गेली होती आणि जपानी कापड देशात येऊ लागले होते. टॅरिफ बोर्डाने, म्हणजे देशी उद्योगाला आयातकराचे संरक्षण द्यावे की नाही याची शिफारस करणाऱ्या सरकारी मंडळाने, १९२७ च्या अहवालात गिरण्यांनी कार्यक्षमता वाढवावी असा आग्रह धरला, आणि ससून समूहाच्या गिरण्यांत त्यासाठीची योजना इतरांच्या आधी व अधिक जोराने राबवली जाऊ लागली.

या योजनेचे इंग्रजीतील नाव रॅशनलायझेशन, मराठीत पुढे सुसूत्रीकरण. तिचा गाभा मात्र अगदी साधा होता. सूतकताईच्या खात्यात रिंगफ्रेम या यंत्राच्या दोन बाजू असतात, आणि तोवर एक कामगार, ज्याला साईडर म्हणत, एकच बाजू सांभाळत असे. आता त्याने दोन सांभाळाव्यात असे ठरले. विणकामात साचेवाला दोन साचे चालवीत असे. आता त्याने तीन चालवावेत असे ठरले. पगार वाढणार होता, पण कामाच्या प्रमाणात नव्हे. समजा एखाद्या साचाखात्यात सहाशे साचे असतील, तर दोन साच्यांच्या पद्धतीने तेथे तीनशे विणकर लागत आणि तीनच्या पद्धतीने दोनशे पुरत; उरलेल्या शंभरांचे काय होणार, हे विचारण्यासाठी अर्थशास्त्र शिकलेले असण्याची गरज नव्हती. मालक लँकेशायरचा आणि जपानचा दाखला देत, जेथे एक विणकर याहून अधिक माग चालवी. कामगारांचे उत्तर असे की तेथील सूत वेगळे, यंत्रे वेगळी आणि खात्यातली हवाही वेगळी. या उत्तरात पुष्कळ तथ्य होते. कापसाच्या मिश्रणात हलका, आखूड धाग्याचा कापूस वाढवला की तार वारंवार तुटते, प्रत्येक तुटलेली तार जोडेपर्यंत साचा थांबतो, आणि विणकराला मजुरी कापडाच्या मापावर मिळत असल्याने थांबलेल्या साच्याचा तोटा त्याच्याच अंगावर येतो. गिरणी स्वस्त कापूस घेणार आणि त्याची किंमत विणकर आपल्या बोटांनी चुकवणार, अशी ही वाटणी होती, आणि ती अन्यायाची होती.

१९२७ च्या ऑगस्टपासून ससून समूहाच्या काही गिरण्यांत या पद्धतीविरुद्ध संप झाले, आणि १९२८ च्या एप्रिलमध्ये त्यांचे रूपांतर शहरभराच्या सार्वत्रिक संपात झाले. सुमारे दीड लाख कामगार ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यापर्यंत कामाबाहेर राहिले. याच संपात, मे महिन्यात, गिरणी कामगार युनियन, म्हणजेच लाल बावटा, स्थापन झाली. तिच्यात श्रीपाद अमृत डांगे यांच्यासारखे सुशिक्षित कम्युनिस्ट होते तसे अर्जुन आळवे आणि कासले यांच्यासारखे प्रत्यक्ष गिरणीतून वर आलेले पुढारीही होते. वर्ष संपता संपता तिचे सभासद पन्नास हजारांवर गेले. एरवी जॉबरच्या कृपेवर जगणाऱ्या आणि गावकीत विभागलेल्या माणसांना सहा महिने एकत्र धरून ठेवण्याचे सामर्थ्य केवळ पुढाऱ्यांच्या भाषणांत नव्हते. आपल्यातला प्रत्येक तिसरा माणूस जाणार हा हिशेब सर्वांना सारखाच लागू होता, आणि तो तिसरा कोण हे कोणालाच माहीत नव्हते.

याच संपाच्या वाटाघाटींत डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी पुढे आणलेला प्रश्न या इतिहासाच्या कोणत्याही मांडणीत वगळता येत नाही. अस्पृश्य मानलेल्या कामगारांना विणकामाच्या खात्यात, जेथे पगार तुलनेने बरा होता, घेतले जात नसे. नळीतील सूत धोट्याच्या छिद्रातून तोंडाने ओढून घ्यावे लागे, आणि त्यामुळे विटाळ होईल अशी इतर कामगारांची समजूत होती. हे खाते आम्हांला खुले करा ही मागणीही संपाच्या मागण्यांत असावी, असा आंबेडकरांचा आग्रह होता. साचा हातातून जाईल म्हणून एक समाज भयभीत असताना तो साचा दुसऱ्या समाजाच्या हाती कधी येऊच दिला गेला नव्हता, आणि ही बंदी मालकांइतकीच कामगारांनीही टिकवली होती, हे गिरणगावाच्या एकजुटीचे गोडवे गाताना पुष्कळदा विसरले जाते.

संप मिटला तो सर चार्ल्स फॉसेट यांच्या अध्यक्षतेखालील चौकशी समिती नेमल्यावर. समितीने कार्यक्षमतेची योजना तत्त्वतः मान्य करण्याजोगी ठरवली, मात्र कच्चा माल आणि कामाची परिस्थिती सुधारण्याशी तिची सांगड घातली. पुढे मार्च १९२९ मध्ये मीरत कटाच्या आरोपावरून युनियनचे प्रमुख पुढारी पकडले गेले, एप्रिलमध्ये पुकारलेला दुसरा सार्वत्रिक संप फसला, आणि संघटना विस्कटल्यावर नवी पद्धत खात्याखात्यातून शिरू लागली. त्याच वर्षी नेमलेल्या कामगारविषयक शाही आयोगावर, ज्याला अध्यक्षांच्या नावावरून व्हिटली आयोग म्हणतात, ना. म. जोशी आणि सर व्हिक्टर ससून हे दोघेही सभासद होते. कामगारांचा प्रतिनिधी आणि दोन बाजूंची योजना आणणाऱ्या पेढीचा प्रमुख एकाच मेजाभोवती बसून श्रमिकांच्या स्थितीचा विचार करीत होते. आयोगाचा अहवाल १९३१ मध्ये आला, आणि त्याच सुमारास ससून यांनी आपल्या व्यवसायाचे मुख्य ठाणे मुंबईहून शांघायला हलवून पेढीचा पैसा तेथील इमारतींत गुंतवला. साचे येथेच राहिले, ते चालवणारेही येथेच राहिले. भांडवलाला मात्र समुद्र ओलांडता आला. समूहाच्या गिरण्या पुढे १९४० च्या दशकात विकल्या गेल्या आणि इंडिया युनायटेड या नावाने चालल्या.

या सर्व घडामोडींत सर्वांत आधी आणि सर्वांत कमी गाजावाजा होऊन बाहेर पडल्या त्या स्त्रिया. १९२० च्या दशकात मुंबईच्या गिरण्यांतील सुमारे एक पंचमांश कामगार स्त्रिया होत्या आणि त्या मुख्यतः रिळे व वाइंडिंग या खात्यांत, नायकीण म्हटल्या जाणाऱ्या स्त्री-मुकादमाच्या हाताखाली काम करीत. ही कामे यंत्रांनी होऊ लागली, रात्रपाळीत स्त्रियांना घेण्यास कायद्याने मनाई होती, आणि १९२९ च्या मुंबई प्रसूतिलाभ कायद्याने बाळंतपणाचा खर्च मालकावर टाकल्यावर स्त्रीला कामावर ठेवणेच त्याला महाग वाटू लागले. विणकरांसाठी शहर बंद पडले. रिळांवरच्या बायांसाठी तसे कधी पडले नाही, आणि स्वातंत्र्यानंतरच्या दोन-तीन दशकांत गिरण्यांतील त्यांचे प्रमाण नगण्य झाले.

स्वातंत्र्यानंतर कायद्याने कामगाराला काही आधार दिला. औद्योगिक विवाद कायद्यात १९५३ साली झालेल्या दुरुस्तीने ले-ऑफ आणि कपात यांत भेद केला : ले-ऑफ म्हणजे माल, वीज किंवा मागणी यांच्या अभावी काही काळ काम न देणे, ज्यात नोकरी तुटत नाही आणि निम्मी भरपाई मिळते, कपात म्हणजे अतिरिक्त ठरवून कायमचे काढणे. १९७६ साली मोठ्या कारखान्यांना कपातीपूर्वी सरकारची परवानगी घेणे बंधनकारक झाले. परंतु ले-ऑफच्या भरपाईतून बदली कामगाराला त्याच कायद्याने वगळले होते, आणि सलग एक वर्षाची सेवा भरल्याखेरीज त्याला ती मागता येत नसे. ज्याच्या वाट्याला धास्ती सर्वांत अधिक, त्याला संरक्षण सर्वांत कमी, ही रचना कायम राहिली.

दरम्यान काम दुसऱ्या वाटेने गिरणीबाहेर जाऊ लागले होते, आणि ही वाट या इतिहासातील सर्वांत निर्णायक ठरली. इचलकरंजीत विठ्ठलराव दातारांनी १९०४ साली यंत्रमाग आणला होता. मालेगाव आणि भिवंडीत मोमीन विणकरांची जुनी वस्ती होती व तेथेही हातमागांच्या जागी हळूहळू यंत्रमाग आले. १९५६ साली केंद्र सरकारने हातमागाच्या रक्षणासाठी गिरण्यांच्या मागांची संख्या गोठवली. प्रत्यक्षात फायदा झाला तो अबकारी करात सवलत असलेल्या लहान यंत्रमागांना. गिरण्यांतून मोडीत निघालेले साचे विकत घेऊन ते एखाद्या पत्र्याच्या शेडमध्ये बसवायचे, नोंद वेगवेगळ्या नावांवर थोडी थोडी ठेवायची, म्हणजे कारखाना कायदा आणि युनियन दोन्ही दूर राहत. इचलकरंजीत असा माग चालवणाऱ्यांपैकी अनेकजण खर्चीवाले होते, म्हणजे सुताचे बीम व्यापाऱ्याकडून घेऊन मजुरीवर कापड विणून देणारे. बाजारातील तेजी-मंदीचा धक्का त्यांच्यावर आणि त्यांच्यामार्फत बारा तासांच्या पाळीत राबणाऱ्या मजुरांवर येई. गिरण्याही यंत्रमागांवरचे कोरे कापड, म्हणजे न धुतलेले, न रंगवलेले कापड, विकत घेऊन त्यावर आपल्याकडे प्रक्रिया करू लागल्या. ज्याला आज परदेशी काम पाठवणे म्हणतात त्याचे सारे घटक येथे होते, फक्त सीमा देशाची नसून शहराची होती. १९५१ च्या सुमारास देशातील तीन चतुर्थांशांहून अधिक कापड गिरण्यांत विणले जाई. शतक संपताना तो वाटा एक दशांशाच्याही खाली गेला होता.

१८ जानेवारी १९८२ रोजी डॉ. दत्ता सामंत यांच्या नेतृत्वाखाली सुरू झालेला, सुमारे अडीच लाख कामगारांचा संप या पार्श्वभूमीवर पाहावा लागतो. पगारवाढीबरोबरच बदली कामगारांना कायम करावे आणि १९४६ चा मुंबई औद्योगिक संबंध कायदा, ज्यानुसार वाटाघाटींचा अधिकार राष्ट्रीय मिल मजदूर संघ या एकाच मान्यताप्राप्त संघटनेला होता, तो रद्द व्हावा, या त्यातील मुख्य मागण्या होत्या. १९२८ साली गिरणी बंद म्हणजे कापड बंद असे समीकरण होते, आणि संपाची सारी ताकद त्यात होती. १९८२ साली ते उरले नव्हते. संपाच्या काळात गिरण्यांच्या शिक्क्याचे कापड भिवंडीच्या मागांवर विणले गेले, आणि पोटासाठी तेथे गेलेल्या काही संपकऱ्यांनी ते अधिक पाळ्या करून, कमी मजुरीवर विणले. सरकारने १९८३ मध्ये मुंबईतील तेरा गिरण्यांचे व्यवस्थापन ताब्यात घेतले, १९८५ च्या वस्त्रधोरणाने यंत्रमाग व गिरणी यांना समान लेखले, आणि १९९१ च्या विकास नियंत्रण नियमांनी गिरण्यांच्या जमिनी विकसित करण्याची वाट मोकळी केल्यावर साच्यापेक्षा साच्याखालची जमीन मोलाची झाली. संप मागे घेतल्याची औपचारिक घोषणा कधीच झाली नाही.

कामावरून गेलेल्यांच्या हाती अखेर काय आले, याचा निर्णय पुन्हा मस्टरनेच, म्हणजे हजेरीच्या वहीनेच, केला. गिरण्यांच्या जमिनीवर कामगारांसाठी बांधायच्या घरांना पात्र कोण, तर १ जानेवारी १९८२ रोजी किंवा त्यानंतर ज्याचे नाव गिरणीच्या पटावर होते तो, असे ठरले. लाखाहून अधिक अर्ज आले, आणि जून २०१२ मध्ये म्हाडाने, म्हणजे राज्याच्या गृहनिर्माण प्राधिकरणाने, काढलेल्या पहिल्या सोडतीत सात हजारांहून कमी घरे होती. अर्जाबरोबर पुरावा हवा होता. म्हणून कोकणातल्या आणि घाटावरच्या घरांत पत्र्याच्या पेट्या उघडून, बहुतेक ठिकाणी विधवांनी आणि मुलांनी, फंडाच्या पावत्या, ईएसआयची कार्डे आणि कडा झिजलेले बदलीचे पास शोधून काढले.